शनिवारचा शब्द

आजारपणात मला धीर द्यायला पुष्कळ माणसं आली, आणि त्यांतली बहुतेक मोसंबी घेऊन आली. मोसंबी जास्त टिकली. तेव्हा कोणाला धीर द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. ज्यांच्या घरात हा आजार आज आहे, त्यांना माझी एक चूक माहीत असावी, एवढाच हेतू आहे. ही चूक अडाणी माणसाला जमणारी नव्हती. ती करायला इंग्रजी यावं लागतं, थोडंफार वाचन लागतं, आणि आपल्याला कोणी फसवू शकत नाही असा पक्का समज लागतो. माझ्याकडे तिन्ही होतं.

डाग

साठच्या दशकातली गोष्ट. सिल्वासातून पोर्तुगीज जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण प्रदेश भारतात रीतसर सामील होऊन दोन-तीनच. कचेऱ्यांत आणि शाळांत माणसं हवी होती, म्हणून कोकणातून आणि मुंबईतून आमच्यासारखे बरेच जण तिथे आले. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. सामरवरणीच्या रस्त्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. त्यात मी, बायको शालिनी आणि सात वर्षांची शोभा.

खोकला तीन महिने होता. त्याचं खापर मी खडूच्या धुळीवर फोडलं होतं. मास्तरांना खोकला असतो, कारकुनांना पाठदुखी असते, असा माझा हिशेब. एक दिवस पाचवीच्या वर्गात कवितेच्या मधोमध रुमालावर लाल ठिपका पडला. पोरांनी तो पाहिला नाही. मी रुमाल घडी घालून खिशात ठेवला आणि कविता पुरी केली. हे धैर्य नव्हतं. पुढे काय करायचं ते सुचलं नाही, एवढंच.

छातीचा फोटो काढायला वलसाडला जावं लागलं. फोटो घेऊन आम्ही दोघं सरकारी दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर देसाई सुरतेकडचे, तरुण, मराठी बरं बोलायचे पण घाई झाली की गुजरातीत शिरायचे. त्यांनी फोटो खिडकीपाशी धरला.

"मास्तर, इथे जरा डाग आहे."

"म्हणजे क्षय?"

"आपण तसं कशाला म्हणायचं? छातीचा दोष म्हणू."

"तुम्ही दोष म्हणा, मी क्षय म्हणतो. औषध एकच ना?"

ते हसले. शालिनी हसली नाही. ती दाराजवळ पदर मुठीत धरून उभी होती.

"पण हे बरे होतील ना?"

"होतील, वहिनी, होतील."

पंधरा वर्षांच्या मास्तरकीत मी एक गोष्ट शिकलो होतो. जो मुलगा एकच उत्तर दोनदा देतो, त्याला ते येत नसतं. संशय सुरू झाला तो त्या दुसऱ्या 'होतील'पासून.

बराक

गावाबाहेर, दमणगंगेच्या वाटेवर, एक लांबट कौलारू बराक होती. जुन्या राज्यात तिथे शिपाई राहायचे, आता छातीचे रोगी. आठ खाटा, आठ झाकणाचे डबे. डबा थुंकण्यासाठी. झाकण लावायला विसरलं की सगळ्या खाटा एकदम ओरडायच्या. बराकीतली शिस्त म्हणायची तर एवढीच.

सकाळी सुई. ती आंतोन द्यायचा. आंतोन पन्नाशीचा, बारीक, केस तेल लावून मागे बसवलेले. पोर्तुगीजांच्या वेळी तो याच दवाखान्यात होता. राज्य बदललं, साहेब बदलले, आंतोन आणि औषधांचं कपाट तेवढं जागेवर राहिलं. पण नोंदी पोर्तुगीजमध्ये ठेवायची सोय संपली. सगळं इंग्रजीत पाहिजे. अशा जुन्या नोकरांसाठी शाळेत संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग काढला होता आणि तो मी चालवायचो. आंतोन दोन वर्षं त्या वर्गात पहिल्या बाकावर बसला होता. नोकरी टिकायची तर इंग्रजी यायला हवं, ही भीती त्याच्या अक्षरातसुद्धा दिसायची. इतकं ठाशीव, की कागद मागून वाचता यावा. बाकीच्या सात जणांना तो मुकाट सुई टोचायचा. माझ्याकडे आला की म्हणायचा, "सर, माफ करा हां."

सुईने कानात घंटा वाजत राहायची. पण सुईपेक्षा वाईट ती 'पास' नावाची पावडर. दिवसातून चार वेळा, पुडीत भरून, मूठभर. ती गिळली की पोटात कोणीतरी भांडी घासायला बसल्यासारखं व्हायचं. तिच्याबरोबर एक छोटी पांढरी गोळी. ही दोन्ही महिनोन् महिने घ्यायची होती.

शेजारच्या खाटेवर दुधनीचा रूपजी होता. जंगलात लाकडं तोडायचा. वय त्यालाही ठाऊक नव्हतं. तो पुडी तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मी एकदा विचारलं, "रूपजी, हे औषध कसलं, काही विचारलंस का?"

"इचारून काय? कडू हाय तं औषधच असल."

त्या वेळी मला त्याची कीव आली होती.

शालिनी रोज अकराला डबा घेऊन यायची. व्हरांड्याच्या पायरीपर्यंत तिला येऊ द्यायचे. शोभाला फाटकाच्या आत बंदी होती. ती फाटकाच्या गजांना धरून उभी राहायची आणि शाळेत काय झालं ते तिथून ओरडून सांगायची. बाकी सात रोग्यांनाही त्यामुळे दुसरीच्या वर्गातल्या सगळ्या भानगडी कळल्या.

डब्यात एक दिवस अंडं निघालं. आमच्या घरी अंडं येत नाही. शालिनीने ते उकडताना काय काय सोसलं असेल याची मला कल्पना होती.

"डॉक्टर म्हणाले, ताकद पाहिजे," ती म्हणाली.

मी अंड्याकडे पाहिलं. ज्या बाईने लग्नानंतर बारा वर्षांत कांदासुद्धा चातुर्मासात घरात आणला नाही, ती अंडं उकडते, म्हणजे डॉक्टरांनी हिला काय सांगितलं असेल?

ठराव

तिसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापक आले. एकटे नाही; सोबत पाच शिक्षक आणि एक कागद. व्हरांड्यात ते ओळीने उभे राहिले, सर्वांनी नाकाला रुमाल लावले आणि मुख्याध्यापकांनी रुमालातून कागद वाचला. शिक्षकवर्गाने माझ्या आजाराबद्दल इंग्रजीत ठराव केला होता. ठरावात माझ्या 'अविस्मरणीय सेवेचा' उल्लेख होता, माझ्या कुटुंबावर 'कोसळलेल्या प्रसंगाचा' होता, आणि शेवटी ईश्वराने 'स्पीडी रिकव्हरी' द्यावी अशी विनंती. पहिले दोन परिच्छेद मला ओळखीचे वाटले. मागच्या वर्षी आमचे ड्रॉइंगमास्तर वारले, तेव्हा तो ठराव मीच लिहून दिला होता. यांनी फक्त शेवट बदलला होता.

"एक प्रत घरी देऊ?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"राहू द्या. जपून ठेवा. शेवट पुन्हा बदलायला सोपं जाईल," मी म्हटलं.

रुमालांमुळे कोण हसलं ते कळलं नाही. मोसंबी मात्र चांगली होती.

कागद

दर शनिवारी डॉक्टर फेरी मारत. खाटेच्या पायथ्याशी पुठ्ठ्याला चिमट्याने कागद लावलेला असे. डॉक्टर रोग्याला तपासायचे, दोन पावलं मागे सरून आंतोनच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचे आणि पुढे जायचे. आंतोन कागदावर तारीख घालून एक इंग्रजी शब्द लिहायचा. रोग्याला रोगाचं काही कळू द्यायचं नाही, ही तिथली रीतच होती. रोग्याशी बोलायचं ते 'छान छान', आणि खरं काय ते इंग्रजीत, कागदावर. सात खाटांच्या बाबतीत ही व्यवस्था बिनचूक चालत होती. आठवी खाट इंग्रजीच्या मास्तरची होती.

तोंड धुवायला उठलो की मी कागद वाचायचो. अक्षर आंतोनचं, शब्द डॉक्टरांचा, असं मी धरून चाललो होतो.

पहिल्या शनिवारी 'इम्प्रूव्हिंग' होतं, सुधारतो आहे. ठीक. दुसऱ्या शनिवारी 'बेटर'. मी विचारात पडलो. सुधारणा चालू असती तर तोच शब्द राहिला असता. बेटर, म्हणजे कशाच्या मानाने बरा? तिसऱ्या शनिवारी 'मेंडिंग'. हे मोडलेल्या हाडाबद्दल म्हणतात, किंवा फाटक्या मोज्याबद्दल. चौथ्या शनिवारी 'कन्व्हॅलेसिंग' आलं आणि मला खरोखर आनंद झाला. आजार संपून नुसती ताकद यायची उरली, की हा शब्द येतो. मी शालिनीला म्हटलं, "माझी छत्री दुरुस्त करून ठेव."

पाचव्या शनिवारी कागदावर 'रॅलिंग' होतं.

इंग्रजी कादंबऱ्या ज्यांनी वाचल्या असतील त्यांना हा शब्द माहीत आहे. त्यात माणूस आधी खाली जातो. नातेवाईक जमतात. मग तो थोडा सावरतो, उशीला टेकून बसतो, सूप मागतो. याला रॅलिंग म्हणतात. दहा पानांनंतर त्याला पुरतात. मी हिशेब मांडला. सावरलो, म्हणजे आधी खचलो होतो. कधी? बुधवारी रात्री घाम आला होता तेव्हा? आणि मला कोणी सांगितलं नाही!

सहावा शब्द 'ईझियर'. म्हणजे त्रास कमी. रोगाबद्दल अवाक्षर नाही. सातवा 'रिलीव्ह्ड'. माझ्या कोशात त्याचा पहिला अर्थ दुखणं हलकं झालं असा दिला होता, दुखणं गेलं असा नव्हे. सात शनिवारांत डॉक्टरांच्या शब्दांनी मला सुधारण्यापासून सांत्वनापर्यंत आणून सोडलं होतं.

वजन वाढत होतं, हे खरं. पण काटा जुना, पोर्तुगीजांच्या वेळचा. त्याच्यावर मी काय विश्वास ठेवणार? ताप येत नव्हता. पण तापमापक आंतोनच्या हातात. आणि तीन आठवड्यांपासून शालिनी परत जाताना व्हरांड्याच्या टोकाला डॉक्टरांना गाठायची आणि हळू आवाजात बोलायची. मी बघतोय असं दिसलं की दोघंही माझ्याकडे पाहून हसायची. या हसण्याने मात्र माझी उरलीसुरली शंका फिटली.

मी दोन गोष्टी केल्या. औषध घेणं थांबवलं. जे लागू पडत नाही आणि पोट जाळतं, ते गिळत राहण्यात काय अर्थ? सुई चुकवता येत नव्हती, पण पुडी आणि गोळी मी मोरीवर जाऊन टाकून द्यायला लागलो. पोट दोन दिवसांत शांत झालं. तोही मला माझ्या बाजूचा पुरावा वाटला.

दुसरी गोष्ट म्हणजे चिपळूणला मेव्हण्याला पत्र लिहिलं, की येऊन शालिनीला आणि शोभाला घेऊन जा, माझं आता काही खरं नाही. पत्र पेटीत टाकायला दिलं आंतोनकडे.

आठवा शनिवार. शब्द 'कम्फर्टेबल', आरामात आहे. ज्याच्यासाठी करण्यासारखं काही उरत नाही, त्याला आरामात ठेवतात. आता याच्या पुढे लिहिण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पार्सल

चार-पाच दिवसांनी शालिनी डबा न आणता आली. हातात कार्ड होतं.

"दादा लिहितो, 'तुला आणि शोभाला न्यायला येतो, बांधाबांध करून ठेव.' मी काय पार्सल आहे?"

"माझ्यामागे तुमची सोय व्हायला नको?"

"मागे म्हणजे? तुम्ही कुठे निघालात?"

रूपजी भिंतीकडे तोंड करून हसला. तो झोपलेला नसायचा, हे मला तेव्हा कळलं.

"शालू, माझ्यापासून लपवू नकोस. मी कागद वाचतो. तू आणि डॉक्टर तिकडे कोपऱ्यात काय बोलता?"

ती काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. फाटकाकडे पाहिलं. शोभा त्या दिवशी आली नव्हती.

"काही नाही," ती म्हणाली.

बारा वर्षांत शालिनी 'काही नाही' एवढ्यावर कधी थांबली नव्हती. त्या शब्दाच्या पुढे तिचं निदान अर्धा तास तरी असे. त्या दिवशी ती वळली आणि गेली. मी खाटेवर आडवा झालो. भीती कशी असते ते मला त्या दुपारी कळलं.

शब्द संपले

नववा शनिवार. डॉक्टर आले, तपासलं, पुटपुटले, गेले. पण आंतोनने कागदावर काही लिहिलं नाही. फेरी संपल्यावर तो एकटाच परत आला. काखेत खाकी कव्हर घातलेली वही.

"सर, दोन मिनिटं आहेत?"

"माझी किती उरलीत ते तुम्हालाच माहीत, आंतोन."

त्याचं लक्ष नव्हतं. "सर, शब्द संपले."

"कसले शब्द?"

त्याने वही उघडली. संध्याकाळच्या वर्गातली वही. वर मराठीत 'बरे होणे', आणि खाली मी फळ्यावर लिहून दिलेले बारा इंग्रजी समानार्थी शब्द. इम्प्रूव्हिंग. बेटर. मेंडिंग. आठ शब्दांपुढे बारीक खूण. क्रम जसाच्या तसा माझा.

"हे चार उरलेत. पण बरोबर नाही वाटत. हा 'रिन्यूड'. तो तर लायसनला लावतात ना? आणि हा 'रिसरेक्टेड'." त्याने आवाज उतरवला. "सर, हा मेल्यावर उठलेल्या येशूचा आहे. हा मी तुमच्या कागदावर नाही लिहिणार. तुम्ही दुसरे दोन-तीन द्या ना."

तो शब्द मी यादी लांबवायच्या हौसेने घातला होता. वर्गावर छाप पडावी म्हणून.

"डॉक्टर तुम्हाला काय सांगतात?" मी विचारलं.

"डॉक्टर? दर शनिवारी एकच. 'मास्तरनुं सारुं छे, लखी नाख.' मास्तरांचं चांगलं आहे, लिहून टाक."

"मग तुम्ही एकच शब्द का नाही लिहिलात?"

आंतोन माझ्याकडे बघत राहिला, जणू मी त्याला फसवा प्रश्न विचारतोय.

"कसा लिहिणार, सर? तुम्ही मार्क कापता."

खरं होतं. त्याने 'आमचे गाव' या निबंधात 'नाइस' नऊ वेळा लिहिलं होतं. मी नऊ मार्क कापले होते, आणि शेजारी लाल शाईने लिहिलं होतं की दुसरा शब्द शोधा. पन्नाशीच्या माणसाला. नोकरी जाईल या भीतीने वर्गात बसलेल्या माणसाला.

"दुसऱ्यांच्या कागदावर मी एकच लिहितो," तो सांगत होता. "ते कुठे वाचतात? तुम्ही रोज वाचता, ते मी बघतो ना. म्हणून तुमचा नीट लिहितो."

मी उठून रूपजीच्या खाटेपाशी गेलो. नऊ आठवडे त्याच्या शेजारी झोपत होतो. त्याचा कागद वाचावासा मला एकदाही वाटला नव्हता. वरपासून खालपर्यंत 'इम्प्रूव्हिंग', 'इम्प्रूव्हिंग', 'इम्प्रूव्हिंग'.

"काय लिवलंय, मास्तर?" रूपजीने विचारलं.

"बरा होतोयस."

"तं मला ठावं हाय."

मी खाटेवर बसलो. चौदा दिवस मी औषध घेतलेलं नव्हतं.

"आंतोन, डॉक्टरांना परत बोलवा."

जे झालं ते

सांगायला मला अर्धा तास लागला, कारण मी मधेमधे माझं तर्कशास्त्र समजावत होतो. डॉक्टर देसाई ऐकत होते. शेवटी म्हणाले, "रूपजीला मी सांगतो, गिळ. तो गिळतो. तुमच्यासारखे चार शिकलेले मिळाले, तर मी दवाखाना बंद करून सुरतेला जातो." मग आंतोनकडे वळले. "अने तू? तू इथे डिक्शनरी लिहितोस?"

"त्यांना बोलू नका," मी म्हटलं. "त्यांनी माझं ऐकलं. मी तुमचं ऐकलं नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते वाचणाऱ्याने नीट लक्षात ठेवावं. तीन औषधं एकत्र देतात त्याला कारण आहे. दोन सोडून एकच चालू ठेवलं, तर रोगाचे जंतू त्याला सरावतात आणि मग ते औषध त्या माणसाला कायमचं निकामी होतं. चौदा दिवसांत तसं झालं असेल किंवा नसेल. थुंकी मुंबईला पाठवायची. उत्तराला सहा आठवडे. तोवर सगळी औषधं पहिल्यापासून, आणि आता गिळताना समोर आंतोन उभा.

"म्हणजे मी बरा होतोय की नाही?"

"काल विचारलं असतं तर हो म्हणालो असतो."

जाताना आंतोनने विचारलं, कागदावर काय लिहू. डॉक्टर थकले होते. "लिही, नॉट नोन."

माहीत नाही. त्या बराकीत आल्यापासून ज्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास बसला, असा तो पहिला. पुढचे सहा शनिवार तोच राहिला. आंतोन दर वेळी लिहिताना माझ्याकडे अपराधी नजरेने बघायचा. मी मार्क कापत नाही असं बघून पाचव्या वेळी जरा सैल झाला.

शालिनीला सगळं कळलं तेव्हा ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली. ओरडली नाही. म्हणाली, "शोभाला खोकला लागला होता. ताप यायचा. डॉक्टर म्हणाले, फोटो काढू. पहिला फोटो नीट निघाला नाही, परत वलसाडला नेलं. तुम्हाला सांगून काय, तुम्ही इथे पडलेले. परवा उत्तर आलं. काही नाही तिला."

माझ्यापासून काहीतरी लपवलं जातंय, हे मी बरोबर ओळखलं होतं. फक्त ते माझ्याबद्दल असणार, एवढं मी गृहीत धरलं. पोर आठवडाभर फाटकाशी आली नाही, हे पाहिलं होतं. आणि त्या आठवड्यात मी 'कम्फर्टेबल' या शब्दाचा विचार करत होतो.

मुंबईचं उत्तर सातव्या आठवड्यात आलं. औषधं अजून लागू पडत होती. नशीब, दुसरं काही नाही. रूपजी त्याच्या आधीच दुधनीला परतला होता, माझी उरलेली मोसंबी घेऊन.

जीभ वर

बराकीतून सुटल्यावर वर्षभराच्या वर घरी औषध चालू होतं. माझी खाट बाहेरच्या खोलीत. शोभाने चार हात लांब राहायचं, हा शालिनीचा नियम. डॉक्टरांनी दोन हात सांगितले होते. दिवसातून चार वेळा शालिनी समोर उभी राहायची. मी पुडी गिळायचो.

"तोंड उघडा."

उघडायचो.

"जीभ वर करा."

इंग्रजीचे मास्तर आणि जीभ वर! पण तक्रार करायला मला तोंड नव्हतं. संशय हा माझा एकट्याचा गुण आहे असं मी समजत होतो. शालिनीने तो माझ्याहून चांगला चालवला, आणि कामाच्या जागी चालवला. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना मी एवढंच सांगेन: डॉक्टरवर संशय आला तर त्याला तोंडावर विचारा, तो चिडला तर चिडू द्या, आणि उत्तर येईपर्यंत गिळत राहा. ते जमत नसेल, तर घरात एक शालिनी असू द्या.

औषध संपलं त्या दिवशी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. डॉक्टर देसाईंनी नवा फोटो पाहिला, वजन पाहिलं आणि शाळेसाठी दाखला लिहून दिला. चार ओळी, इंग्रजीत. बाहेर व्हरांड्यात शालिनीने कागद मागितला.

"काय लिहिलंय?"

"क्युअर्ड. रोग गेला. मी वर्गावर जाऊ शकतो. पोरांच्यात बसू शकतो."

तिने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही वाचलेलं मला नको," ती म्हणाली आणि सरळ औषधाच्या खिडकीपाशी गेली. "आंतोनभाई, हे काय लिहिलंय बघा बरं. नीट वाचा. यांना विचारू नका."

आंतोनने चष्मा लावला. चारही ओळी बोट ठेवून वाचल्या. मग पुन्हा वाचल्या.

"रोग गेला, वहिनी."

"नक्की?"

"सरांनी शिकवलेलं इंग्रजी आहे. चूक असेल तर त्यांची."

शालिनीने कागदाची घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवली.

घरी शोभा वही घेऊन पायरीवर बसली होती. मी ओसरीवर टेकलो. ती उठली आणि सवयीने चार हातांवर जाऊन थांबली.

"पुढे जा," शालिनी म्हणाली.

शोभा एक पाऊल पुढे आली आणि आईकडे वळून बघत राहिली.

"अजून," शालिनी म्हणाली. "अजून पुढे. जा."